कमीत कमी सामानानिशी : जुन्या संगणकाची सुरुवात आणि त्यातली मराठी

यंदा आषाढात माळ्यावरचा जुना संगणक खाली उतरवावा लागला. निमित्त वाळवीचे. नाटे हे आमचे गाव राजापूर तालुक्यात, जैतापूरच्या खाडीच्या मुखाजवळ, यशवंतगडाच्या सावलीत. हल्ली बाहेरच्या माणसाला नाटे म्हटले की जैतापूरचा अणुवीज प्रकल्प आठवतो. माझा विषय त्याहून जुना आणि फार लहान आहे. १९९८ ते २००३ या काळात मी मुसाकाजी, आंबोळगड, साखरी नाटे आणि जैतापूर इथल्या सतरा वृद्धांशी बोलून टिपणे केली होती. कुणी तांडेल, कुणी पडावावरचा खलाशी, एकाने बंदरावर हमाली केलेली. मुंबईची आगबोट बाहेर नांगर टाकून उभी राहिली की उतारूंना पडावात कसे उतरवीत, पावसाळ्यात बोटी बंद झाल्यावर गावाचे काय होई, वारा फिरल्याचे आधी कशावरून कळे, अशा गोष्टी. टिपणांच्या अकरा वह्या पत्र्याच्या ट्रंकेत होत्या. ट्रंकेच्या बुडाला गंजाने भोक पडले आणि वाळवीने नऊ वह्यांची माती केली. त्या सतरा माणसांपैकी आज एकही हयात नाही.

वह्यांतला बहुतेक मजकूर मी त्याच वर्षांत संगणकावर उतरवून ठेवला होता. तेव्हा मी राजापुरात एका डीटीपीच्या दुकानात कामाला होतो आणि दुकानातून बाद झालेला एक संगणक हप्त्याने विकत घेतला होता. विंडोज ९८, चार जीबीची हार्ड डिस्क, मराठी लिहायला एक पॅकेज आणि त्या पॅकेजचे कुलूप म्हणून मागे प्रिंटरच्या जागी लावायचा डाँगल. तो सुरू केला. पंखा फिरला, ढगांचे चित्र आले आणि ढग तिथेच थांबले. अर्धा तास वाट पाहिली. ढग जागचे हलेनात.

अशा वेळी काय करायचे ते मला पुस्तकाने शिकवलेले नाही. दुकानात रत्नागिरीहून एक मेकॅनिक येत. त्यांची पद्धत ठरलेली होती. यंत्राने हट्ट धरला की ते आधी त्याच्या अंगावरचे एकेक काढून घेत. "सगळा काढून ठेव. नुसतो जीव ऱ्हायलो पायजे. मगे एकेक घाल. जो घातल्यावर रडतां तो चोर." ही पद्धत कुठून आली याचा शोध घेता घेता मला एक वेगळीच गोष्ट दिसली. यंत्राच्या अंगावरचे सगळे काढायचे म्हटले की सर्वांत आधी आपली भाषा निघत होती. संगणकात मराठी कधी आली याच्या तारखा अनेकांनी दिल्या आहेत. ती कितपत आत शिरली, हे मात्र यंत्र कमीत कमी सामानानिशी सुरू केल्याखेरीज कळत नाही.

सुरुवातीची अडचण बी आधी की झाड आधी अशा जातीची आहे. वीज दिली तरी संगणकाच्या स्मृतीत काही नसते. कार्यक्रम आत घ्यायचा तर आत कसे घ्यायचे हे सांगणारा कार्यक्रम आधी आत हवा. 'बूट करणे' हा शब्द त्यातूनच आला. बुटाच्या मागच्या पट्टीला धरून स्वतःच स्वतःला उचलायचे, म्हणजे अशक्यच काम. केंब्रिजच्या एडसॅक या यंत्राने ६ मे १९४९ रोजी पहिला कार्यक्रम चालवला तेव्हा डेव्हिड व्हीलर यांनी त्यावर तोडगा काढलेला होता. अवघ्या ३१ आज्ञा. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असतात तशा फिरत्या स्विचांवर तारांनी पक्क्या केलेल्या होत्या. बटण दाबले की त्या स्मृतीत उतरत आणि भोके पाडलेल्या कागदी फितीवरून पुढचे सगळे ओढून घेत. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत इथल्याच लोकांनी बांधलेला टिफ्रॅक १९६० मध्ये कामाला लागला, त्यालाही मजकूर कागदी फितीवरूनच भरवीत. 

१९८१ मध्ये आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला आणि हाच प्रकार टेबलावर आला. आत एका चिपमध्ये कायमचा कोरलेला छोटा कार्यक्रम असतो, बायॉस. तो आधी स्मृती, कीबोर्ड, पडदा तपासतो, ठीक असेल तर एकदा 'टुक्' करतो आणि मग डिस्कचा अगदी पहिला तुकडा वाचतो. हा तुकडा ५१२ बाइटचा. हार्ड डिस्कच्या बाबतीत त्यातले ६४ बाइट डिस्कच्या वाटण्यांच्या नोंदीला आणि शेवटचे २ खुणेला जातात. उरले ४४६. पोस्टकार्डावर बारीक अक्षरात मावेल एवढा मजकूर. पुढची सगळी दुनिया या पोस्टकार्डावर अवलंबून.

तिथून डॉस सुरू होई आणि डॉस दोन याद्या वाची. एकीचे नाव कॉन्फिग डॉट सिस, दुसरीचे ऑटोएक्झेक डॉट बॅट. माऊस घेतला, त्याने यादीत एक ओळ घातली. सीडी ड्राइव्ह आला, त्याच्या दोन. लग्नघरात येणारा प्रत्येक पाहुणा आपली वळकटी मधल्या ओटीवरच सोडतो तसा प्रकार. आणि ओटी होती ६४० केबीची. जागा संपली किंवा दोन पाहुण्यांचे जमले नाही की यंत्र अडे. मग पूर्वीच तयार करून ठेवलेल्या बूट फ्लॉपीवरून सुरुवात करायची. त्या फ्लॉपीवर या याद्या नसत, म्हणून पाहुणेही नसत. मायक्रोसॉफ्टने १९९३ मध्ये डॉसची सहावी आवृत्ती काढली तेव्हा फ्लॉपीचीही गरज उरली नाही. सुरू होताना एफ-५ दाबले की दोन्ही याद्या वगळल्या जात. एफ-८ दाबले की एकेक ओळ दाखवून विचारले जाई, ही घेऊ की नको.

इथे मेकॅनिकच्या पद्धतीवर एक सुधारणा सांगितली पाहिजे, कारण एकेक घालून पाहण्यात दिवस जातो. बावीस ओळी असतील तर अकरा बंद करायच्या. यंत्र चालले तर चोर बंद केलेल्या अकरांत, नाही तर उरलेल्या अकरांत. पुन्हा निम्मे. पाच वेळा सुरू केले की बावीसच काय, बत्तिसांतलाही एक सापडतो. अर्थात चोर एकटा असेल तरच. दोन कार्यक्रम एकेकटे सज्जन आणि एकत्र आले की भांडणारे, असे जावाजावांसारखे असले तर हे गणित फसते. मग मेकॅनिकचीच पद्धत खरी, वेळ लागला तरी.

कमी सामानानिशी सुरू करण्याला भारतात सर्वांत जास्त कारण दिले ते व्हायरसने. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी ब्रेन लिहिला, त्यात आपल्या दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरही घातला. तो डिस्कच्या पहिल्या तुकड्यात, म्हणजे त्या पोस्टकार्डाच्या जागी, जाऊन बसे. चोर थेट राखणदाराच्या खुर्चीत. १९९० मध्ये भारतात सापडलेल्या एका व्हायरसचे नाव जगभरच्या याद्यांत 'जोशी' असे आहे. दर वर्षी ५ जानेवारीला तो यंत्र अडवी आणि 'हॅपी बर्थडे जोशी' असे टाइप करा म्हणून सांगे. मुकाट्याने तेवढे टाइप केले की यंत्र पुन्हा चालू. माणूस विनोदी असावा, पण कारागिरी हलकी नव्हती. जोशी स्मृतीत असताना कुणी डिस्कचा पहिला तुकडा तपासायला गेले की तो मूळचा स्वच्छ तुकडाच काढून दाखवी. चोराला विचारून झडती घ्यायची तर चोर सापडणार कसा? म्हणून यंत्र पूर्ण बंद करायचे आणि स्वच्छ फ्लॉपीवरून सुरू करायचे. त्या फ्लॉपीची लिहिण्याची खाच आधी बंद केलेली हवी. सव्वापाच इंची फ्लॉपीवर त्या खाचेला चिकटपट्टी लावीत, साडेतीन इंचीवर छोटी खिट्टी सरकवीत. ६ मार्चला हार्ड डिस्कवरचा मजकूर उडवणारा मायकेलँजेलो १९९२ मध्ये जगभर गाजला, त्यावरही उपाय हाच.

पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले, मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर यांनी १९९३ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस काढली. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत व्हायरसच फार, म्हणून धाकटे बंधू संजय यांनी त्यांच्यावर साधने लिहायला घेतली. सुरुवातीच्या साधनांपैकी एक मायकेलँजेलोवरचे होते. तिथून क्विक हील झाले आणि २००७ मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतले. एका मोठ्या उद्योगाचा उगम दुरुस्तीच्या टेबलावर आहे, ही गोष्ट आपल्याकडे उद्योजकतेच्या भाषणांत सांगतात. मला तीत स्क्रू-ड्रायव्हर आणि खिट्टी सरकवलेली फ्लॉपी दिसते.

२४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ आले आणि कमी सामानानिशी सुरुवातीला 'सेफ मोड' हे नाव सर्वांच्या तोंडी झाले. याद्या वगळल्या जात, बाहेरून आलेले ड्रायव्हर उतरत नसत, नेटवर्क नाही, सीडी नाही, पडदा ६४० बाय ४८० ठिपक्यांचा आणि सोळा रंगांचा, चारही कोपऱ्यांत 'सेफ मोड' ही अक्षरे. आमच्या दुकानात गिऱ्हाइकासमोर हा पडदा आला की मालक मॉनिटरला पाठ लावून उभे राहत. आजारी माणूस पाहुण्यांपासून लपवावा तसे.

आता मराठीकडे. डॉसच्या काळात पडद्यावर मराठी उमटवण्याचा पक्का मार्ग म्हणजे जिस्ट कार्ड. मोहन तांबे आणि सहकाऱ्यांचे हे काम कानपूरच्या आयआयटीत सुरू झाले आणि १९८८ मध्ये पुण्यात सीडॅक स्थापन झाल्यावर तिथे आले. हे कार्ड संगणकाच्या पोटातल्या खाचेत बसवायचे. मग वर्डस्टार, लोटस, डीबेस या इंग्रजीसाठी लिहिलेल्या कार्यक्रमांत देवनागरी चाले. अक्षरांना नंबर द्यायची पद्धत इस्की, तिला १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली. कल्पना अशी की इंग्रजीच्या १२८ जागांना हात लावायचा नाही, वरच्या १२८ जागांत भारतीय लिप्या बसवायच्या. उत्तमच होती. पण मेकॅनिकने दोष शोधायला पोट उघडले की पहिल्यांदा जादा कार्डे बाहेर काढी. जिस्ट कार्ड निघाले की पडद्यावर मराठी लिहिता येत नसे आणि आधी लिहिलेली वाचताही येत नसे. फाइल जागच्या जागी असे, पण ती उघडली की टोप्या घातलेले परदेशी स्वर आणि चौकटींचे तुकडे.

विंडोजवर कार्ड गेले, फॉन्ट आले. मराठी पॅकेज म्हणजे दोन गोष्टींची जोडी. एक फॉन्ट. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले, कुठे काना, कुठे अर्धा श, कुठे रफार. दुसरा ड्रायव्हर. आपण दाबलेल्या कळींवरून हे तुकडे योग्य क्रमाने लावणारा. प्रत्येक कंपनीची तुकड्यांची जागा वेगळी, म्हणून एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये लावला की पालथा संसार. सेफ मोडमध्ये गेले की ड्रायव्हर गळे, फॉन्ट राही, कारण फॉन्ट ही विंडोजच्या दृष्टीने साधी फाइल. तेव्हा सेफ मोडमध्ये मराठी वाचता येई, लिहिता येत नसे. जिस्ट कार्डाच्या काळापेक्षा भाषा एक पायरी आत आली होती, एवढेच.

पुढची पायरी युनिकोड. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा मिळाल्या, आणि त्यांची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतलेली आहे. म्हणजे आपल्या जिस्टवाल्यांचे काम वाया गेले नाही. विंडोज २००० मध्ये देवनागरी प्रथमच खुद्द प्रणालीबरोबर आली, 'मंगल' या फॉन्टच्या रूपाने. तो आखला सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी. (एका जोशींनी संगणक अडवले, दुसऱ्यांनी त्यांत मराठी वसवली. योगायोगच, पण लिहिल्यावाचून राहवत नाही.) तरीही विंडोज २००० आणि एक्सपीमध्ये भाषेच्या चौकटीत जाऊन खूण करावी लागे, सीडी मागितली जाई. व्हिस्टापासून, २००७ मध्ये, ती खूणही गेली. मराठी प्रणालीच्या अंगातच आली. जिस्ट कार्डाच्या दिवसांपासून मोजले तर याला वीसएक वर्षे लागली. माझी टिपणे नेमकी मधल्या पायरीवरची.

आता माझ्या टेबलावरचे यंत्र. आधी पोट उघडले. खाऱ्या हवेने मागच्या सगळ्या जोडण्यांवर हिरवट-पांढरी बुरशी धरली होती. मेमरीची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासले, हा उपाय दुरुस्तीवाल्याच्या पोरालाही ठाऊक असतो. बोर्डावरची बटणासारखी बॅटरी मेली होती, म्हणून यंत्र तारीख विसरले होते. ती बदलली. मोडेमचे कार्ड आणि साउंड कार्ड काढून ठेवले. ढग तसेच.

दुसरी गोष्ट, आणि हीच सर्वांत महत्त्वाची होती: हार्ड डिस्कला काही लिहू द्यायचे नाही. माणसे घाईने डिस्क दुरुस्त करायचा कार्यक्रम चालवतात आणि दुरुस्तीच मजकूर खाते. माझ्याकडे विंडोज ९८ च्या सात जुन्या बूट फ्लॉप्या होत्या. दोन कुरकुरल्या, तिसरीने यंत्र उठवले. काळा पडदा, पांढरे अक्षर, 'ए' आणि त्यापुढे लुकलुकणारी रेघ. सी ड्राइव्हची यादी मागितली. फोल्डर होता. तेव्हा मराठीत फाइलला नाव देता येत नसे, म्हणून मी 'मुसाकाजी जुनी माणसे' असे रोमन लिपीत दिले होते. डॉसने त्याची पहिली सहा अक्षरे ठेवून पुढे लाटेसारखी खूण आणि १ हा आकडा लावलेला. अशा एकतीस फाइली. कोऱ्या फ्लॉप्यांवर कॉपी केल्या, प्रत्येकीत १.४४ एमबी, दोन फ्लॉप्या पुरल्या. एक फाइल तिथेच उघडून पाहिली. टक्के, कंस, टोप्यांचे स्वर. पण ओळी लांब होत्या आणि परिच्छेद जागच्या जागी होते. त्या रात्री मी नीट झोपलो.

मग सेफ मोड. ढग हलले, चार कोपऱ्यांत चार शब्द आले आणि वर्डपॅडमध्ये आंबोळगडच्या एका तांडेलाचे बोलणे सोळा रंगांच्या पडद्यावर मराठीत उभे राहिले. कर्सर शेवटी नेऊन मी एक अक्षर टाइप करून पाहिले. निराळाच एक तुटका आकार उमटला.

चोर कोण, हे कळायला निम्मे-निम्मे करण्याची गरज पडली नाही. एफ-८ दाबल्यावर येणाऱ्या यादीत दुसरा पर्याय असतो, सुरुवातीची नोंद ठेवण्याचा. त्याने बूटलॉग नावाची फाइल तयार होते. प्रत्येक ड्रायव्हर उतरायला लागला की एक ओळ, नीट उतरला की दुसरी ओळ. यंत्र अडले की फाइलची शेवटची ओळ पाहायची. माझ्या फाइलच्या शेवटी एक ड्रायव्हर उतरायला लागला होता आणि उतरल्याची ओळ नव्हती. तो मराठी पॅकेजच्या डाँगलचा होता. प्रिंटरच्या त्या पंचवीस पिनांच्या जागेत गंज चढला होता, आणि ड्रायव्हर डाँगलच्या उत्तराची वाट पाहत बसला होता. सिस्टिम डॉट आयएनआय या फाइलमध्ये त्या ओळीच्या आधी एक अर्धविराम टाकला. अर्धविराम लावलेली ओळ यंत्र वाचत नाही. विंडोज पहिल्या झटक्यात सुरू झाले. मराठी काढून टाकल्यावर.

मजकूर हाताशी आला, काम संपले नाही. तुकड्यांच्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणायला परिवर्तक मिळतात, तसा एक वापरला. बहुतेक सगळे नीट आले. फक्त आपला मराठीचा खास अर्धा र, जो 'वाऱ्या'त असतो आणि हिंदीवाल्यांना लागत नाही, तो त्याला ठाऊक नव्हता. सगळीकडे 'वार्याने', 'किनार्यावर', 'तार्यांवरून'. पाचशे ठिकाणी हाताने कोण बदलणार म्हणून मी एका आज्ञेने सगळे र्य बदलून ऱ्य केले आणि चहा प्यायला गेलो. परत येऊन वाचायला बसलो तर 'सूऱ्य' उगवला होता आणि खलाश्यांचा दर्या पानोपानी 'दऱ्या' झाला होता. नाट्याची माणसे शिडे उभारून दऱ्यांमध्ये निघाली होती.

बदलण्याआधीची प्रत मी ठेवली नव्हती. फ्लॉप्या होत्या, पण पुन्हा परिवर्तन करायला बसलो तर दुसरी फ्लॉपी मधेच वाचेना. हार्ड डिस्कवरून परत कॉपी केली आणि या वेळी तीन ठिकाणी ठेवली, एक पुण्याला भाचीकडे. एकतीसपैकी दोन फाइली अर्ध्यातच संपतात. त्या मुळातच अर्ध्या लिहिल्या गेल्या की डिस्कने खाल्ल्या ते सांगणारी वही वाळवीच्या पोटात आहे. बाकीच्या एकोणतीस आता एकेक शब्द पाहून दुरुस्त करतो आहे. गणपतीपर्यंत नव्वद पाने झाली. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत निवड करायची म्हणजे प्रत्येक ठिकाणी त्या म्हाताऱ्याचे वाक्य पुरते वाचावे लागते. आंबोळगडच्या तांडेलाने एका ठिकाणी खरोखरच दऱ्या म्हटले आहे, उधाणाच्या लाटांमधल्या खोलीला. ती मी तशीच ठेवली.